कानशीचा हात

आधी रिकाम्या हातांनी करून बघायचं, असं युनूसभाईंनी सांगितलं आणि दिघीच्या समाजमंदिरातली अकरा माणसं डावा पाय पुढे टाकून समोरची हवा घासायला लागली. उजवी मूठ कमरेच्या उंचीला, तळव्यात लाकडी मूठ टेकलीय असं धरून. डावा हात पुढे लांबवलेला, अंगठ्याखालचा मांसल भाग खाली दाबलेला. जाताना सगळ्या अंगाचा भार, येताना काही नाही, नुसतं परत यायचं. खिडकीतून येणाऱ्या फेब्रुवारीच्या उन्हात अकरा सावल्या भिंतीवर एकदम पुढे जात होत्या आणि मागे येताना विस्कटत होत्या, कारण मागे येण्याचा वेग ज्याचा त्याचा होता. मिनल शेवटच्या ओळीत होती. तिचा हात चार वेळा गेला, चार वेळा परत आला आणि पाचव्या वेळी अर्ध्यावर थांबला. ही हालचाल तिच्या ओळखीची होती. ती तिनं कुठं शिकलेली नव्हती, कुणी तिला दाखवलेली नव्हती. पण गेल्या सप्टेंबरात दोन दिवस ती तिच्या डोळ्यांसमोर चालली होती, पांढऱ्या चादरीवर, लोखंडी कॉटच्या दोन कठड्यांमध्ये. हीच मूठ, हाच पुढे पसरलेला डावा हात, जाताना हाच भार. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती थांबवावी म्हणून मिनलनं एका कागदावर सही केली होती.

तिनं हात पुन्हा चालू केला, कारण युनूसभाई ओळींतून फिरत होते आणि थांबलेल्या माणसापाशी ते थांबत. साठी ओलांडलेला, बारीक चणीचा माणूस. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं फिटर होते. आता महिन्यातून एक रविवार इथं येऊन, येईल त्याला कानस, म्हणजे धातू घासायचं दातेरी हत्यार, धरायला शिकवत. समाजमंदिरात दर रविवारी असलं काहीतरी चाललेलं असायचं. कधी मातीची भांडी, कधी टोपल्या विणणं, कधी कागदी आकाशकंदील. लोक पोराबाळांना घेऊन यायचे, दुपारी हात मळवून घरी जायचे. मिनल ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होती. डिसेंबरात ती इथं पुस्तकबांधणी शिकायला आली होती, तेव्हापासून तिचा नंबर त्यांच्या ग्रुपवर राहून गेला होता. या वेळचा मेसेज तिनं धड वाचलाही नव्हता. पितळेचं काहीतरी करायचं आहे एवढं दिसलं आणि तिनं नाव टाकलं, कारण रविवारी सकाळी घरातून बाहेर पडायला काहीतरी कारण लागायचं. तिच्या पुढे दिग्विजय नावाचा एक गृहस्थ बायको आणि सात वर्षांच्या मुलीसकट उभा होता आणि दोन्हीकडे सारख्याच जोरानं हात मारत होता. युनूसभाई त्याच्याजवळ थांबले आणि नारळ खवताय का साहेब, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. घरी तोही खवत नाहीत हो, असं त्याची बायको वर्षाली म्हणाली आणि ओळीत हसू पसरलं. "जाताना काम, येताना आराम," युनूसभाई म्हणाले. "आपल्याला कंपनीनं असा कधी दिला नाही. पण कानशीला द्यायचा. येताना दाबली तर तिचे दात जातात." सगळे हसले तेव्हा मिनलही हसली असावी, कारण वर्षालीनं मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि आपल्याबरोबर हसणाऱ्या बाईकडे बघावं तशी मान हलवली.

मिनलच्या वडिलांना, अण्णांना, दवाखान्यात नेलं तेव्हा न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. तोंडावर घट्ट मास्क होता, त्यामुळे बोलणं पहिल्या तासातच संपलं, आणि दुपारपासून हात सुरू झाले. पुढे, मागे. पुढे, मागे. थोड्या थोड्या वेळानं ते थांबत, उजव्या अंगठ्याचं नख कॉटच्या कठड्यावरून हळूच फिरे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा सुरुवात. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते आणि माणूस म्हणून चांगले होते. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू असा भरकटतो, वयस्कर पेशंटमध्ये हे फार दिसतं, त्याला काही अर्थ नसतो, असं त्यांनी तिला बाहेर बाकावर बसून समजावलं. त्या संध्याकाळी मिनलनं त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कपडे चाचपणं, हवेत काहीतरी पकडणं, चादर ओढणं. सगळं तिथं लिहिलेलं होतं, कलमवार. जे छापलेलं होतं तेच समोर चाललेलं होतं, आणि ते जुळलं म्हणून तिनं समोर बघणं सोडून दिलं. हे तिला आता, हवेत हात नेताना कळत होतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. एखादी गोष्ट कुठल्यातरी पानावर सापडली की तिचं समाधान व्हायचं आणि मग ती गोष्ट तिथं, माणसासमोर, एकटी पडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला की हाताची सुई उपसली गेलीय, लगेच या. ती पोचली तेव्हा चादरीवर रक्ताचा तळहाताएवढा डाग होता आणि हात चालूच होते. कागदावर लिहिलं होतं, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या हालचालींवर निर्बंध. तिनं तो दोनदा वाचला. छापलेलं काहीही न वाचता सोडायची तिला सवय नव्हती. मग सही केली. नर्सनं मनगटांना आधी कापूस गुंडाळला, मग बँडेज, आणि त्याच्या गाठी कठड्याच्या खालच्या दांडीला मारल्या, फार घट्ट नाहीत, बोट जाईल एवढ्या. तिनं स्वतः बोट घालून बघितलं होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी अण्णा गेले. मधले चार दिवस हात बांधलेले होते.

बाकावर चार व्हाइस, काम घट्ट पकडून ठेवणारे लोखंडी जबडे, पक्के केलेले होते. पाळीपाळीनं उभं राहायचं. प्रत्येकाला पितळेची एक जाड पट्टी मिळाली. तिच्या चारी कडा सरळ करायच्या, कोपरे गोल करायचे, एक भोक, की झाली किल्ल्या अडकवायची पट्टी. युनूसभाईंच्या पत्नी जमिलाभाभी सगळ्यांना ॲप्रन बांधून देत होत्या आणि दिग्विजयच्या मुलीला खडू कानशीवर कसा घासायचा ते दाखवत होत्या, म्हणजे दातांत बुकणी अडकत नाही. मिनलची पाळी आली. पितळ मऊ असेल असं तिला वाटलं होतं. ते मऊ नव्हतं, पण ऐकणारं होतं. पहिल्या हातालाच कानशीखालून पिवळी धूळ सांडली. वास आला, आणि तिनं डोळे मिटले नाहीत इतकंच. हा वास त्यांच्या मोरीत असायचा, न्हाणीच्या कोनाड्यात, अण्णांच्या निळ्या युनिफॉर्मच्या बाह्यांना, ओल्या नाण्यासारखा, तेलाचा आणि कसल्यातरी आंबटपणाचा. आई तो युनिफॉर्म वेगळ्या बादलीत धुवायची. लहानपणी मिनलला तो कंपनीचा वास वाटायचा. कंपनी त्यांच्या घरात फार होती. कंपनीची बस, कंपनीचा साबण, कंपनीचे बूट, फर्स्ट शिफ्टचा पाचचा गजर, सेकंड शिफ्टला झाकून ठेवलेलं ताट. घरातली झोप, जेवण, पाहुण्यांचं येणंजाणं, आईचं माहेरी जाणं हे सगळं कंपनीच्या वेळापत्रकावर चालायचं. पण काम घरात नव्हतं. अण्णा फिटर आहेत हे तिला शाळेच्या फॉर्मवर लिहायला यायचं. फिटर दिवसभर काय करतो हे तिला माहीत नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. एकदाच, ती नऊ वर्षांची असताना, फॅमिली डेला गेट उघडलं होतं. बँड होता, मशीनांना झेंडूचे हार होते, सगळं बंद होतं आणि धुतलेलं होतं. अण्णांनी लांबून एका दाराकडे बोट केलं. तिकडं मी असतो, असं ते म्हणाले. दाराला कुलूप होतं.

"कड झाली का ते डोळ्यांनी बघू नका," युनूसभाई म्हणाले. ते तिच्या शेजारी आले होते. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख तिच्या पट्टीच्या कडेवरून फिरवलं, हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बारीक खरखर राहिली तर नखाला कळते." मिनलनं व्हाइसचा दांडा धरला. मग त्यांनी सांगितलं म्हणून तिनंही आपलं नख फिरवलं, आणि मध्ये एका जागी ते किंचित अडलं. युनूसभाई तिच्या पायांकडे बघत होते.

"घरात कुणी फिटर आहे का ताई?"

"वडील होते," ती म्हणाली आणि कंपनीचं नाव सांगितलं.

"टूलरूमला?"

"टूलरूमला."

"वाटलंच. उभं राहणं शिकवलेलं दिसतंय."

शिकवलं नाही, कधीच नाही, असं ती म्हणाली. त्यांनी तिच्या पट्टीचे दोन्ही कोपरे बोटानं दाखवले, टोकं खाली जातायत, मध्ये उंच राहतंय, हात झुलू देऊ नका. ते पुढे निघाले तेव्हा तिनं त्यांना विचारलं की माणूस हे विसरतो का. म्हणजे अकरा वर्षं कानशीला हात लावला नाही, नंतर रिटायर झाला, तर. "मी गॅपनंतर धरली तेव्हा मलाही वाटलं, गेलं असेल," ते म्हणाले. "पण विसरायला ते लक्षात कुठं असतं?" आणि पलीकडच्या व्हाइसवर पुन्हा नारळ खवणं सुरू झालं होतं, तिकडे ते गेले.

अकरा वर्षं हा आकडा तिच्या तोंडून सहज गेला होता. महाळुंग्याच्या रस्त्याला कंपनीचा नवा प्लांट झाला, नवी मशीनं आली आणि हातानं जुळवायची कामं मशीनवर गेली, तेव्हा अण्णांना टूल द्यायच्या खिडकीत बसवलं. पोरं येणार, टूल मागणार, अण्णा देणार, संध्याकाळी परत घेऊन जागेवर ठेवणार. पगार तोच, शिफ्ट जनरल. घरी त्यांनी सांगितलंच नाही. युनिफॉर्मला वास येईना तेव्हा आईला समजलं. आणि आई, जिचा जीभ चालवण्याचा मान घरात सगळ्यांनी मान्य केलेला होता, ताट वाढता वाढता म्हणाली, चला, आता बसून पगार. त्यात काही वाईट नव्हतं. माहेरी भूमला तिचे भाऊ उन्हात राबायचे. नवऱ्याला सावलीत बसायला मिळालं याचा तिला आनंदच झाला असणार. पण अण्णा जेवता जेवता थांबले, मग पुन्हा जेवायला लागले, आणि त्यानंतर कंपनीतलं काही म्हणजे काही घरी बोलायचे बंद झाले. ते मुळात फार बोलायचे नाहीत, म्हणून हे बंद होणं मिनलच्या लक्षात आलं नव्हतं. आईच्या आलं होतं. ते तिनं किती वर्षं लक्षात ठेवलं होतं, हे मिनलला तेराव्याच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी आई आतल्या खोलीत आत्याशी, इंदुताईंशी बोलत होती. मिनल ताटं घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आई सांगत होती की दवाखान्यात पाच वाजता एकेकाला आत सोडायचे, ती पहिल्या दिवशी आत गेली, पायथ्याकडून पुढे होऊन त्यांचा डावा हात धरला, तर त्यांनी तिला ढकललं. पुन्हा धरला, पुन्हा ढकललं. डोळे उघडे होते. "बोलता येत नव्हतं म्हणून हातानं सांगितलं मला, हो बाजूला," आई म्हणाली. "तेवीस वर्षं ठेवलं मनात. जाताना देऊन गेले." इंदुताई काहीबाही समजावत होत्या. आई रडत नव्हती. ती तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. पंधराव्या दिवशी तिनं अण्णांचे कपडे देऊन टाकले. मोठा करून आणलेला फोटो कागदातून काढलाच नाही. कुणी अण्णांचा विषय काढला की ती उठून गॅसकडे जायची. आणि मिनलला ते ऐकून इतकंच सुचलं होतं की डॉक्टर म्हणाले होते, त्याला काही अर्थ नसतो. तसं तिनं आईला एकदा सांगितलंही. आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं; चाळीस वर्षं एका माणसाबरोबर काढलेल्या बाईला त्याच्या हाताला अर्थ नाही असं सांगणाऱ्याकडे बघावं तसं.

आता तिच्याकडे अर्थ होता. साडेबाराला कार्यशाळा संपली, सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या उन्हात धरून फोटो काढले, दिग्विजयची मुलगी आपल्या बापाची पट्टी वाकडी आहे असं सगळ्यांना दाखवत फिरली, आणि मिनल लष्कराच्या हद्दीच्या भिंतीकडेनं घराकडे चालू लागली. रिक्षा तिनं केली नाही. दहा मिनिटांचा रस्ता होता आणि तो तिला कमी पडणार हे दिसत होतं. अण्णा कुणाला ढकलत नव्हते, ते कामावर होते. एवढं एक वाक्य आईला सांगितलं की तिच्या छातीवरचा दगड उतरणार होता. पण हे वाक्य एकटं जाणार नव्हतं. आई मूर्ख नव्हती. दुसरा प्रश्न ती विचारणारच होती. मग हात का बांधले? बँडेज बघून आईनं हे त्या वेळीही विचारलं होतं, आणि मिनलनं सांगितलं होतं, सुई निघू नये म्हणून डॉक्टरांनी बांधलेत. डॉक्टरांनी. आपण सही केली हे तिनं आईला सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. आणि त्याचं तिला फार वाटतही नव्हतं, कारण अर्थ नसलेली गोष्ट थांबवली होती. आज सकाळपर्यंत. आता ती माणसाच्या हातातलं काम काढून घेतल्याची गोष्ट होती. कंपनीनं ते एकदा घेतलंच होतं. ज्या एकाच जागी ते त्यांना परत मिळालं होतं, तिथं लेकीनं कापूस गुंडाळून, बोट घालून बघून, ते बंद केलं होतं. न सांगता राहता आलं असतं. आई मग उरलेलं आयुष्य ढकलली गेलेली बाई म्हणून काढणार होती. भिंतीपलीकडे कुठंतरी गोळीबाराचा सराव चालला होता, एकामागून एक कोरडे आवाज येत होते, आणि कोपऱ्यावरचा कलिंगडवाला त्याकडे लक्ष न देता कलिंगडावर बोटं वाजवून ऐकत होता. मिनल त्याच्यासमोर काही वेळ उभी राहिली. त्यानं घ्यायचं का ताई असं विचारलं तेव्हा ती पुढे निघाली.

आई शालनबाई खाली पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. कुठं गेलती, हात कशानं काळे झाले, जेवायचं का, असं तिनं ओळीनं विचारलं आणि उत्तराची वाट बघितली नाही. मिनल तिच्यासमोर बसली. चपला काढायच्या राहिल्या होत्या. त्या काढून, दाराशी ठेवून, ती पुन्हा येऊन बसली आणि तिनं सगळं सांगायला सुरुवात केली. युनूसभाईंपासून, व्हाइसपासून, आधी रिकाम्या हातांनी करायचं असतं तिथपासून. तिला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट सांगितलं गेलं. आईचे हात मेथीत थांबले.

"काय करत होते म्हणतीस?"

"कानस मारत होते. त्यांचं काम करत होते."

आईनं हातातली मेथी पेपरवर ठेवली. मग म्हणाली, "करून दाखव."

मिनल उभी राहिली. डावा पाय पुढे टाकला, मूठ धरली, डावा हात लांबवला. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, समोर आली आणि तिनं मिनलचा डावा हात दोन्ही हातांनी धरला, दवाखान्यात धरला असेल तसा. मिनलनं तो पुढे नेला. आई अर्धं पाऊल मागे गेली. हात परत आला, आणि त्याच्याबरोबर आई पुढे आली. पुन्हा गेला, पुन्हा आला. चौथ्या की पाचव्या वेळी आई मान हलवायला लागली.

"परत यायचा," ती म्हणाली. "यायचा की परत. मी तवर सोडून द्यायचे."

तिचा चेहरा सैल झाला होता. एवढ्यावर थांबता आलं असतं. मिनलनं तिचे हात धरून ठेवले आणि सांगितलं की हात डॉक्टरांनी बांधले नव्हते. म्हणजे त्यांनी विचारलं होतं, कागदावर सही लागते. ती तिनं केली होती. वाचून केली होती. आईनं हात काढून घेतले नाहीत. ती मिनलच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मिनलला वाटलं की आता ती जे बोलेल ते आपल्याला कायमचं घेऊन राहावं लागेल.

"चार दिवस," आई म्हणाली.

"हो."

"मला डॉक्टरचं नाव सांगितलंस."

"हो."

आई खाली बसली. मेथीची एक काडी उचलली, ठेवून दिली. तिचा हिशोब चालला होता, ओठ हलत होते. मग तिनं विचारलं ते मिनलला अपेक्षित नव्हतं. बांधायच्या आधी दोन दिवस होते, असं ती म्हणाली. दोन दिवसांत एखादा जॉब होतो का पुरा? मिनलला माहीत नव्हतं. तुझ्या त्या भाईंना विचार, आई म्हणाली, आत्ता विचार. मिनलनं फोन लावला, माझ्या आईला एक विचारायचं आहे असं कसंबसं सांगितलं, आणि आईनं फोन तिच्या हातातून घेतला. तिला तो कानाला धरायची सवय नव्हती. ती तो तोंडासमोर धरून बोलायची, त्यामुळे पलीकडचं सगळं खोलीत ऐकू येत होतं. मागे व्हाइस उतरवल्याचा खणखणाट होता. आमचे मालक फिटर होते, आईनं सांगितलं, ज्ञानदेव नाव, दवाखान्यात शुद्ध नव्हती तेव्हा ते हातानं तुमचं ते कानशीचं काम करायले होते, दोन दिवस केलं, मग हात बांधले. तर दोन दिवसांत ते काम झालं असेल का? खणखणाट थांबला.

"वहिनी, हात कसा पडत होता?" युनूसभाईंनी विचारलं. "जड का हलका?"

आईनं डोळे मिटले. "पहिल्या दिवशी जड. मी मागं जायचे इतका. दुसऱ्या दिवशी पाचला गेले तर हलका. नुसता जायचा न् यायचा. कागद सरकवावा तसा."

"मग होत आलं होतं," युनूसभाई म्हणाले. "आधी मटेरियल काढायचं असतं, तेव्हा हात जड. फिनिशला आलं की हलका होतो. शेवटी शेवटी तर कानशीचं स्वतःचं वजन तेवढंच. आपण काही दाबायचं नसतं."

"म्हणजे झालं."

"मी जॉब बघितला नाही वहिनी." ते म्हणाले. "पण एवढा हलका म्हणताय, तर झाल्यातच जमा."

आईनं फोन खाली ठेवला, बंद न करताच, आणि मिनलनं तो उचलून बंद केला. दवाखान्यात, त्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, अण्णांना शांत करायचं इंजेक्शन सुरू झालं होतं. कॉटच्या पायथ्याला अडकवलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं, औषधाचं नाव, मात्रा, वेळ, आणि मिनलनं ते वाचलं होतं, जसं ती सगळं वाचायची. पाचपर्यंत त्याचा अंमल पुरता चढलेला असणार. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, तो उतरल्यावर, सुई निघालेल्या रक्ताळल्या हातानं अण्णा पुन्हा सुरू झालेले तिनं पाहिले होते. हात जड पडत होता. पहिल्या दिवसासारखा, सगळ्या अंगाचा भार देऊन, म्हणजे काम पहिल्यापासून चाललं होतं, पट्टी नवी होती. हे आत येऊन बघणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते; पाच महिन्यांनी ती रडत होती, आवाज न करता, मेथीच्या ढिगावर वाकून. मिनल तिच्याजवळ बसली. काही वेळानं आईनं तोंड पुसलं, तिचा पितळानं काळा झालेला तळवा ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकानं तो पुसायला लागली, निघत नव्हतं तरी.

"मग तू बांधलेस तेव्हा काम उरलं नव्हतं," ती म्हणाली.

तो प्रश्न नव्हता. तरी ती पुसायची थांबली आणि वाट बघत राहिली.

"नव्हतं," मिनल म्हणाली.